ल्यूक केलीचा वारसा

केली, ल्यूक : (१७ नोव्हेंबर १९४० – ३० जानेवारी १९८४). आयरिश लोकगायक, बेंजोवादक आणि ‘द डब्लिनर्स’ या ग्रुपच्या पहिल्या चौघांपैकी एक. मराठीत हे आडनाव लिहिलं की क्रियापद वाटतं, ‘केलीने सुरुवात केली’ असली वाक्यं होतात, म्हणून इथून पुढे सगळीकडे ल्यूकच म्हटलंय. ही नोंद त्याच्या चरित्रापेक्षा तो मागे काय ठेवून गेला याची जास्त आहे, आणि तिथेच पहिली अडचण येते, कारण वारसा म्हटलं की आपण त्याची गाणी कुठली असं विचारतो आणि ल्यूकने स्वतः लिहिलेलं जवळपास काहीच नाही. ‘फॉर व्हॉट डाइड द सन्स ऑफ रोशीन’ ही एक कविता त्याच्या नावावर आहे, तीही तो गायचा नाही, नुसती म्हणायचा. बाकी लोक ज्यांना ‘ल्यूकची गाणी’ म्हणतात ती सगळी कुणा ना कुणा दुसऱ्याची. ती त्याची कशी झाली हाच खरा विषय आहे.

जन्म डब्लिनच्या उत्तरेकडच्या गोदी भागातला, शेरिफ स्ट्रीटजवळच्या लॅटिमोर कॉटेजेसमधला. वडील जेकब्ज बिस्किट कंपनीत कामगार, त्यांचंही नाव ल्यूकच. या वडलांना लहानपणी गोळी लागली होती, २६ जुलै १९१४ ला बॅचलर्स वॉक इथे ब्रिटिश सैनिकांनी गर्दीवर गोळीबार केला त्यात, आणि ते जबर जखमी होऊन वाचले. ल्यूकच्या राजकारणाचं मूळ काही जण थेट इथे शोधतात. ते जरा सोपं उत्तर वाटतं, तो डावा झाला तो इंग्लंडमध्ये मजुरी करताना आणि पुस्तकं वाचताना, पण घरात ही गोष्ट होती हे खरं. तेराव्या वर्षी शाळा सुटली. १९५३ च्या आगीत घर गेल्यावर कुटुंब व्हाइटहॉल या उपनगरात राहायला गेलं.

१९५८ ला तो इंग्लंडला गेला. तेव्हा आयर्लंडमधून हजारो पोरं तशीच जात होती. वुल्व्हरहॅम्प्टनला भावाबरोबर बांधकामावर लागला, पगार वाढवून मागितला म्हणून तिथून काढून टाकलं असं सांगतात, मग मिळेल ते काम, मध्ये काही दिवस व्हॅक्यूम क्लीनर विकणं पण झालं. त्या काळात संडास धुतले, खिडक्या पुसल्या, रेल्वे झाडली, स्वतःचं तोंड मात्र क्वचितच धुतलं, अशा अर्थाचं तो नंतर सांगायचा. १९६० च्या सुरुवातीला न्यूकॅसलच्या ब्रिज हॉटेलमध्ये त्याने पहिल्यांदा फोक क्लब पाहिला. फोक क्लब म्हणजे पबची वरची किंवा मागची खोली, आठवड्यातून एक संध्याकाळ, माइक नाही, ज्याला यायचं त्याने उठून गायचं. इथेच तो बेंजोकडे वळला. पुढे बर्मिंगहॅमला लोकगायक इयन कॅम्पबेल यांच्या मंडळींत आणि तिथल्या डाव्या वर्तुळात त्याची ऊठबस सुरू झाली, त्यात ग्रीक भाषेचे प्राध्यापक आणि मार्क्सवादी अभ्यासक जॉर्ज थॉमसन पण होते. तेरा वर्षांचा असताना शाळा सोडलेला पोरगा विशीत असा वाचनाला लागला.

१९६२ ला तो डब्लिनला परतला. मेरियन रो वरच्या ओ'डॉनहूज पबमध्ये रॉनी ड्रू, बार्नी मॅकेना आणि किअरन बर्क गात-वाजवत बसायचे, तो त्यांच्यात बसायला लागला. सुरुवातीचं नाव रॉनी ड्रू बॅलड ग्रुप, ते खुद्द ड्रूलाच आवडत नव्हतं, ल्यूक तेव्हा जेम्स जॉइसचा ‘डब्लिनर्स’ हा कथासंग्रह वाचत होता म्हणून त्याने तेच नाव सुचवलं. ग्रुपचा बाकी इतिहास (१९६७ ला ‘सेव्हन ड्रंकन नाइट्स’ ब्रिटनच्या पहिल्या दहात, गायलं ड्रूने, आयर्लंडच्या सरकारी रेडिओवर बंदी) सगळीकडे सापडतो, इथे परत लिहीत नाही.

गायकी. १९६४ मध्ये ल्यूक ग्रुप सोडून परत इंग्लंडला गेला आणि जवळपास दोन वर्षांनी आला. या काळात तो लंडनला यूअन मॅककॉल आणि पेगी सीगर या लोकगायक जोडप्याच्या क्रिटिक्स ग्रुपमध्ये होता. त्याच्या गायकीतला हा वादाचा टप्पा आहे. मॅककॉल मूळचे नाटकवाले. अभिनेत्यांना शिकवायच्या पद्धती त्यांनी लोकगीताला लावल्या, अंगाच्या हालचालीचं रुडॉल्फ लाबान यांचं शास्त्र (जोर किती, वेग किती, दिशा सरळ की वळणदार) त्यांनी आवाजाच्या फेकीला लावलं आणि गायकाने गाण्यातल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघावं यासाठी स्टानिस्लाव्हस्कीची पद्धत घेतली. गायचं ते आपल्या गावच्या बोलीत, उसना अमेरिकन हेल काढायचा नाही, हा तिथला आग्रह. दर बैठकीत एकाने गायचं आणि बाकीच्यांनी ते चिरफाडून काढायचं.

आता एक मत असं की ल्यूकची शब्दफेक, म्हणजे प्रत्येक व्यंजन दगडासारखं खाली ठेवायची सवय, ही या शाळेची देणगी. दुसरं मत असं की १९६४ चा डब्लिनर्सचा पहिला अल्बम ऐका, तिथे हे सगळं आधीपासून आहे, शेरिफ स्ट्रीटच्या पोराला रस्त्यावर हाक मारायला जो आवाज लागतो तोच हा. दुसरं मत जास्त पटतं. पण एक फरक खरा वाटतो, नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये तो थांबतो. आधी ओळ संपली की लगेच पुढची, नंतर दोन ओळींच्या मध्ये एक श्वास जास्त, आणि तो श्वास मुद्दाम सोडलेला. जुन्या टीव्ही फुटेजमध्ये बघितलं तर लाल कुरळ्या केसांचं टोपलं, दाढी, मान मागे टाकलेली, गळ्याच्या शिरा ताठ, आणि हात मात्र शांत, बेंजोवर जेमतेम हलतात.

बेंजोबद्दल थोडं लिहायलाच हवं कारण मराठीत बेंजो म्हटलं की गणपतीतली बेंजो पार्टी आठवते, ते वाद्य वेगळं, त्याला पट्ट्या असतात आणि ते बुलबुल तरंगच्या घराण्यातलं. हा अमेरिकेतून आलेला बेंजो, गोल चामडी तोंडाचा आणि लांब दांड्याचा. त्यातही डब्लिनर्समध्ये दोन प्रकार होते. बार्नी मॅकेनाचा चार तारांचा टेनर बेंजो, तो फिडलच्या (म्हणजे व्हायोलिनच्या) सुरात पण एक सप्तक खाली लावायचा (जी-डी-ए-ई). ही लावणी आज आयरिश बेंजोची सर्वसाधारण लावणी झाली त्यात मॅकेनाचा मोठा हात मानतात, कारण फिडलची बोटं तशीच्या तशी बेंजोवर चालतात आणि नाचाच्या धुना त्यावर वाजवता येतात. ल्यूकचा पाच तारांचा. त्यातली पाचवी तार आखूड, तिची खुंटी दांड्याच्या मधेच, ती अंगठ्याने एकाच सुरात टिंगत राहते, तानपुऱ्याच्या तारेसारखी पण ठोक्यात. तो धुना वाजवत नसे, गाण्याखाली जमीन धरत असे. बेंजोवादक म्हणून मागे राहिला तो मॅकेनाच, ल्यूकचं वादन कुणी उचललं असं फारसं दिसत नाही.

‘ऑन रॅग्लन रोड’ आणि चालीचा वाद. ल्यूकच्या नावाला सगळ्यात घट्ट चिकटलेलं गाणं हेच. शब्द कवी पॅट्रिक कॅव्हना (१९०४–१९६७) यांचे. मोनाहन परगण्यातल्या इनिशकीन गावचे शेतकरी-कवी, डब्लिनला येऊन राहिलेले, काही काळ रॅग्लन रोडवरच खोली घेऊन. तिथे त्यांचं मन हिल्डा मोरिआर्टी या केरी परगण्यातून आलेल्या मेडिकलच्या विद्यार्थिनीवर बसलं, ती त्यांच्याहून बरीच लहान, आणि ते काही जुळलं नाही. पुढे तिने डोनह ओ'मॅली यांच्याशी लग्न केलं, शिक्षणमंत्री असताना १९६६ ला माध्यमिक शिक्षण मोफत जाहीर करणारे ते हेच. तेराव्या वर्षी शाळा सोडणाऱ्या शेरिफ स्ट्रीटच्या पोरांना ती योजना एक पिढी उशिरा आली, पण हा विषय वेगळा.

कविता ३ ऑक्टोबर १९४६ ला ‘द आयरिश प्रेस’ या दैनिकात वेगळ्याच शीर्षकाने छापली गेली, त्यात काळ्या केसांच्या मिरियमचं नाव होतं. हिल्डाचं नाव झाकायला ते घेतलं असं मानतात. आता लोकांमध्ये पसरलेली गोष्ट अशी की ल्यूक एकदा बेली पबमध्ये कॅव्हनांना भेटला, तिथे गाणं झालं, आणि कॅव्हना म्हणाले की तुझ्यासाठी माझ्याकडे एक गाणं आहे. ही गोष्ट ल्यूकनेच मुलाखतीत सांगितलेली असल्यामुळे भेट झालीच नाही असं म्हणायला जागा नाही, आणि साल साधारण १९६६ च्या आसपास धरतात. पण त्यातून पुढे ‘ल्यूकने कवितेला चाल लावली’ असं जे लिहिलं जातं ते तपासून घ्यायला हवं. लेखक बेनेडिक्ट कायली यांची आठवण अशी की कविता नवी असतानाच कॅव्हनांनी ती त्यांना दाखवली आणि ‘डॉनिंग ऑफ द डे’ या जुन्या आयरिश गाण्याच्या चालीवर बसते का बघ म्हणाले. म्हणजे चाल वीसेक वर्षं आधीच ठरलेली.

कायलींच्या बाजूने खुद्द कवितेतच पुरावा आहे. पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीचा शेवट म्हणजे या जुन्या गाण्याचं नावच, शब्दाला शब्द. अख्ख्या कवितेच्या शेवटच्या ओळीत परत पहाट येते. शिवाय ओळीच्या मध्यात यमक, मग शेवटाला दुसरं यमक, ही वीण आयरिश भाषेतल्या गीतांची, इंग्रजी कवितेत ती कमी दिसते. विषयही तोच: जुन्या गाण्यात एक माणूस पहाटे किलार्नीच्या लॉख लेन तळ्याकाठी निघतो, त्याला एक सुंदर मुलगी भेटते, तो बोलायला जातो आणि ती त्याला वाटेला लावते. कॅव्हनांनी तळ्याच्या जागी डब्लिनचा रस्ता घातला आणि पहाटेच्या जागी शरद ऋतू. कविता चालीवर बेतूनच लिहिलीय, नंतर चिकटवलेली नाही, हे मत त्यामुळे जास्त भक्कम वाटतं. दोन्ही आठवणी एकमेकींना खोडत पण नाहीत, चाल कवीने ठरवली आणि गळा त्याला पुढे मिळाला.

पण मग ती चाल कुणाची? आयरिश नाव ‘फॉन्या ग्याल अन ले’, म्हणजे दिवसाचं उजळ कडं, पहाट. संदर्भग्रंथांत साधारणपणे ती सतराव्या शतकातल्या थॉमस कॉनेलन या स्लायगोच्या हार्पवादकाच्या नावावर घालतात. इथे घोटाळा असा की या नावाच्या निदान दोन चाली फिरत आल्यात. हार्पवाल्यांच्या परंपरेतली कॉनेलनची चाल लांब, वळणांची, गायला अवघड; आणि आज गायली जाते ती आखूड, चार ओळींची, जवळपास कूच करण्याच्या ठेक्यातली, पाइप बँडवाले वाजवतात ती. एकाच नावामुळे पहिलीचं श्रेय दुसरीला गेलं असावं. एडवर्ड वॉल्श यांनी १८४७ च्या ‘आयरिश पॉप्युलर साँग्स’ मध्ये आयरिश शब्द आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद छापला, तिथून शब्दांचा माग नीट लागतो. चालीचा माग पी. डब्ल्यू. जॉइस यांच्या १८७३ च्या संग्रहाच्या सुमारास जास्त स्पष्ट होतो. तेव्हा ‘सतराव्या शतकातली चाल’ असं बेधडक लिहिण्यापेक्षा ‘निदान एकोणिसाव्या शतकातली, कदाचित त्याहून जुनी’ इतकंच म्हणणं बरं.

रचना साधी आहे. पहिली ओळ आणि दुसरी ओळ जवळजवळ एकाच वळणाची, तिसरी वर चढते, चौथी परत पहिलीकडे येऊन बसते. मुख्यतः पाच स्वरांवर चालते, सा रे ग प ध, त्यामुळे भूपाची सवय असलेल्या कानाला पहिल्यांदा ऐकताना पण अनोळखी वाटत नाही. टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) शिकणाऱ्या मुलांना लवकर देतात ती याचमुळे. आता ल्यूकने काय केलं तर कूच काढून टाकली. ठेका सैल केला, तिसऱ्या ओळीची चढण हळू चढला, आणि चौथ्या ओळीत पडणाऱ्या पानाबद्दलचे शब्द येतात तिथे आवाज कमी करायच्या ऐवजी भरून आणला. इतर गायकांनी हे गाणं हळुवार विरहगीत म्हणून गायलंय. ल्यूकच्या तोंडी त्याच्यात राग आहे, स्वतःवरचाच.

त्यानंतर हे गाणं सगळ्यांनी घेतलं. व्हॅन मॉरिसन आणि द चीफटन्स यांचं १९८८ चं रेकॉर्डिंग प्रसिद्ध आहे, शिनेड ओ'कॉनरचंही. २००८ च्या ‘इन ब्रूज’ सिनेमात घंटाघराच्या प्रसंगाला ल्यूकचाच आवाज वापरलाय आणि आयर्लंडबाहेरच्या पुष्कळ तरुण लोकांना तो तिथेच पहिल्यांदा भेटला. २०१९ ला आयर्लंडच्या सरकारी प्रसारण संस्थेने, आरटीईने, देशाचं आवडतं लोकगीत निवडायला मतदान घेतलं त्यात हेच पहिलं आलं. गंमत बघा, इंटरनॅशनल फोक म्युझिक कौन्सिलची १९५४ ची व्याख्या लावली (तोंडी परंपरेने चालत आलेलं, बदलत आलेलं, समाजाने निवडलेलं) तर ज्याचा कवी माहीत, छापल्याची तारीख माहीत, ते लोकगीत ठरायला अडचण येते. व्याख्येत एक पळवाट आहे, एखाद्याची रचनाही समाजाने आपलीशी करून घडवली तर चालते. इथे समाजाच्या वतीने ते काम बहुतेक एकट्याने केलं.

दुसऱ्यांची इतर गाणी. ‘डर्टी ओल्ड टाउन’ मॅककॉलनी १९४९ ला एका नाटकासाठी लिहिलं, त्यातलं मळकट शहर म्हणजे इंग्लंडमधलं सॅलफर्ड. डब्लिनर्सनी गायल्यापासून, आणि १९८५ ला द पोग्जनी परत गायल्यावर तर फारच, ते डब्लिनबद्दल आहे असं अर्धं जग समजतं, पबमध्ये हे सांगायला गेलं तर वाद होतो. गीतकार फिल कोल्टर यांची दोन गाणी वेगळ्या जातीची. ‘द टाउन आय लव्ह्ड सो वेल’ मध्ये कोल्टरचं स्वतःचं उत्तर आयर्लंडमधलं डेरी शहर, सैन्य आणि बॉम्बच्या आधीचं आणि नंतरचं. ‘स्कॉर्न नॉट हिज सिम्प्लिसिटी’ कोल्टरनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलाबद्दल लिहिलं, १९७० च्या ‘रेव्होल्यूशन’ अल्बममध्ये ल्यूकने गायलं. हे गाणं टाळ्या घ्यायला गायचं नाही असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून स्टेजवर ते क्वचितच गायलं. कामगार चळवळीतलं ‘जो हिल’ पण याच अल्बममध्ये.

मृत्यू आणि स्मारकं. ३० जून १९८० ला कॉर्क ऑपेरा हाउसमध्ये कार्यक्रम चालू असताना तो स्टेजवर कोसळला, मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, तो परत गायलाही लागला, मध्ये शब्द विसरायचा. १९८४ च्या ३० जानेवारीला डब्लिनमध्ये गेला, वय त्रेचाळीस. ग्लासनेव्हिन दफनभूमीत त्याच्या दगडावर नाव आणि खाली एकच शब्द, ‘डब्लिनर’. ग्रुपचा माणूस आणि गावचा माणूस दोन्ही त्यात येतं. ग्रुप पुढे चालू राहिला, ड्रू २००८ ला गेला, मॅकेना २०१२ च्या एप्रिलमध्ये, आणि त्याच वर्षी पन्नास वर्षं पूर्ण करून ग्रुपचे फिडलवादक जॉन शीहन यांनी डब्लिनर्स हे नाव थांबवलं.

१९८५ ला बॅलीबॉक पुलाला त्याचं नाव दिलं. पुतळ्याचा ठराव महापालिकेत २००४ ला झाला आणि पुतळे उभे राहिले ३० जानेवारी २०१९ ला, पस्तिसाव्या पुण्यतिथीला, राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स यांच्या हस्ते. पुतळे, कारण एकदम दोन. साउथ किंग स्ट्रीटवरचा ब्राँझचा, बसून बेंजो वाजवणारा, जॉन कॉल यांचा. समोरच गेयटी थिएटर, जिथे सत्तरच्या दशकात ल्यूकने ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ मध्ये हेरॉड राजाचं काम केलं होतं. ग्रँड कॅनॉलच्या काठी बाकावर बसलेला कॅव्हनांचा १९९१ चा पुतळाही याच कॉल यांचा, तेव्हा रॅग्लन रोडचा कवी आणि गायक दोघंही एकाच हाताचे, दोघंही बसलेले, मध्ये वीसेक मिनिटांची चाल.

दुसरा शेरिफ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, वेरा क्लूट यांचा. हे नुसतं डोकं आहे, जवळजवळ दोन मीटर उंच, पांढऱ्या संगमरवराचं, डोळे मिटलेले, तोंड गाताना उघडं. केस, दाढी, भुवया तांब्याच्या तारांच्या, हजारो तारा दगडात एकेक बसवलेल्या. लोकांची मतं लगेच दोन झाली, काहींना ते भव्य वाटलं, काहींना भीतिदायक. बसवल्यापासून काही महिन्यांतच कुणीतरी डोळ्यांभोवती काळा रंग फासून गॉगल काढला, आणि नंतरही तोच प्रकार परत परत झाला. संगमरवर रंग पिऊन घेतो, नुसतं पुसून निघत नाही, त्यामुळे दर वेळी दगड जपणाऱ्या जाणकारांना बोलवावं लागतं. ब्राँझच्या ल्यूकच्या वाट्याला हे फारसं आलेलं नाही, त्याच्या शेजारी पर्यटक फोटो काढतात.

नंतरच्या गायकांत डेमियन डेम्प्सी उघडपणे ल्यूकचं नाव घेतो, डब्लिनच्या बोलीतच गातो, आणि २००८ च्या त्याच्या पारंपरिक गाण्यांच्या अल्बमवर मॅकेना आणि शीहन दोघांनीही वाजवलंय.